राखी पार्ट्रिजची अख्खी कातडी: सॉफ्ट हॅकल बांधणाऱ्यांसाठी परीक्षण

सॉफ्ट हॅकल वेट फ्लाय म्हणजे मासे धरण्यासाठी गळावर बांधलेली, पाण्याखाली बुडणारी नकली माशी; तिच्या डोक्याशी फिरवलेल्या मऊ पिसाला हॅकल म्हणतात. तिला सामान फार लागत नाही. गळ, रेशमी धागा, चिमूटभर मेण आणि एक पीस. पहिल्या तीन गोष्टी बऱ्यापैकी मिळाल्या तरी भागतं, पण पीस चुकलं की फ्लाय वाया गेलीच म्हणून समजा. त्यामुळे हे परीक्षण धाग्याचं नाही, बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या व्हाइसचंही नाही. ते पिसांचं आहे. एकीकडे राखी पार्ट्रिजची मानेसकट आणि पंखांसकट वाळवलेली अख्खी कातडी, दुसरीकडे छोट्या पिशवीत मिळणारी त्याच पक्ष्याची सुटी पिसं. दोन्ही वस्तूंवर एकच नाव छापलेलं असतं आणि दोन्ही एकाच कामासाठी विकल्या जातात. प्रत्यक्षात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

निकाल आधीच सांगतो: कातडीच घ्यावी. पिशवी स्वस्त दिसते, पण तिच्यातली वापरता येतील अशी पिसं मोजली की स्वस्ताई संपते. कातडीलाही मर्यादा आहेत, त्या पुढे येतीलच.

आधी पक्षी कोणता ते पाहू, कारण पहिली फसगत इथेच होते. हवा तो युरोपातला राखी पार्ट्रिज, शास्त्रीय नाव पेर्डिक्स पेर्डिक्स. इंग्लंडमध्ये त्याला ग्रे किंवा इंग्लिश पार्ट्रिज म्हणतात, अमेरिकेत हंगेरियन पार्ट्रिज. नावं तीन, पक्षी एकच. याचा एक चुलतभाऊ आहे, लाल पायांचा पार्ट्रिज, ज्याला फ्रेंच पार्ट्रिजही म्हणतात. त्याची छाती निळसर करडी आणि सपाट रंगाची, पाठ साधी तपकिरी. बारीक ठिपक्यांची, नागमोडी रेघांची जी नक्षी आपल्याला हवी असते ती त्याच्या पिसांत नसते. कुशीवरचे पट्टे दिसायला देखणे असतात, पण या फ्लायच्या ते काही कामाचे नाहीत. वेष्टनावर नुसतं ‘पार्ट्रिज’ एवढंच लिहिलेलं असेल तर छातीचं एक पीस उजेडात धरून पाहा. राखाडीवर पेन्सिलीने हलक्या हाताने ओढलेल्या वाटाव्यात अशा काळसर रेघा दिसल्या तर पक्षी बरोबर आहे.

आता पिशवी. सुट्या पिसांची पिशवी ओतून आकारानुसार ढीग लावले की चित्र स्पष्ट होतं. बहुतेक पिसं पोट, कूस आणि पाठीच्या खालच्या भागातली, म्हणजे मोठी निघतात. त्यांचे तंतू १२ नंबरच्या गळालाही लांब पडतात (नंबर जितका मोठा, तितका गळ लहान). मानेची आणि खांद्यावरची बारीक पिसं, ज्यांच्यावर १४ आणि १६ नंबरच्या फ्लाय बांधायच्या, ती पिशवीत जवळपास येतच नाहीत. शिवाय सुटी पिसं दाबून भरलेली असल्याने त्यांचे कणे वाकडे होतात. वाकडा कणा गळाभोवती फिरवताना पीस स्वतःच्या अक्षावर पलटी खातं, आणि तंतू मागे झुकण्याऐवजी वाटेल तिकडे उभे राहतात. आणखी एक तोटा फारसा कुणी बोलून दाखवत नाही: पीस पक्ष्याच्या कुठल्या भागातलं आहे हे पिशवीतून कळत नाही. एका फ्लायसाठी अगदी योग्य पीस सापडलं, तर त्याचं जोडीदार पीस शोधायचं कुठे? कातडीवर ते शेजारीच असतं.

कातडीचा हाच सर्वांत मोठा गुण. तिच्यावर पिसांचा नकाशा आखलेला असतो. मानेच्या वरच्या बाजूला सर्वांत बारीक पिसं असतात आणि तिथून पाठीकडे सरकावं तसतशी ती मोठी होत जातात. पाठीची आणि खांद्यांची पिसं तपकिरी, ठिपकेदार. पार्ट्रिज अँड ऑरेंज या सर्वांत प्रसिद्ध फ्लायचं हॅकल इथलंच. छातीच्या वरच्या भागातली राखी, बारीक रेघांची पिसं म्हणजे ‘ग्रे हॅकल’. पिवळ्या किंवा हिरव्या रेशमावर ती फार सुरेख दिसतात. छातीच्या खालच्या भागात, विशेषतः नरात, घोड्याच्या नालेसारखा तांबूस डाग असतो. त्यातली पिसं हॅकलला घेऊ नका. पंखांच्या पुढच्या कडेजवळची आच्छादक पिसं लहान असतात, त्यांच्या कण्यालगत फिकट रेघ असते आणि ती छोट्या गळांसाठी कामी येतात. कातडी पंखांसकट घ्यायला सांगतो ते याचसाठी. पंख कापून विकलेली कातडी थोडी स्वस्त पडते, पण त्या बचतीत १६ नंबरची निम्मी पिसं जातात. कुशीवरची तांबूस पट्ट्यांची लांब पिसं निंफचे, म्हणजे पाण्यातल्या अर्धवट वाढलेल्या किड्याची नक्कल करणाऱ्या फ्लायचे, पाय करायला ठेवावीत, आणि शेपटीतले तांबूस तंतू निंफच्या शेपटीला चालतात. म्हणजे कातडीचा जवळपास कुठलाच भाग टाकून द्यावा लागत नाही.

पीस निवडायची पद्धत सोपी आहे, पण डोळ्यांनी अंदाज बांधू नये. पीस कातडीवरून उपटण्याआधी त्याच्या मधल्या भागातले तंतू कण्याशी काटकोनात ताणून गळाच्या दांड्याशेजारी धरा. नेढ्यापासून निघालेला तंतू गळाच्या बाकापर्यंत किंवा त्याच्या किंचित पुढे पोहोचला पाहिजे. १४ नंबरच्या साध्या वेट फ्लाय गळाला हे अंतर साधारण १ सेंटिमीटर भरतं. उत्पादकानुसार थोडा फरक पडतो, म्हणून ज्या गळावर बांधायचं त्याच गळावर मोजा. तंतू बाकाच्या बरेच पलीकडे जात असतील तर मासा लांब तंतूंची टोकं धरतो आणि गळ तोंडात शिरतच नाही. नवख्यांच्या फ्लायमध्ये सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच, आणि त्याचं मूळ हाताच्या कौशल्यात नसून बहुतेक वेळा पिशवीतल्या मोठ्या पिसांत असतं.

वर्गीकरणाचा मुद्दाही इथेच येतो, कारण कुठलं पीस काढायचं हे फ्लाय कुठल्या वर्गातली आहे यावर ठरतं. या बाबतीत दुकानांच्या यादीत फार घोळ असतो. ‘स्पायडर’, ‘सॉफ्ट हॅकल’, ‘नॉर्थ कंट्री फ्लाय’, ‘फ्लिम्फ’ ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. स्पायडर म्हणजे कोळ्याची नक्कल नव्हे. स्कॉटलंडमध्ये, आणि विशेषतः १८५७मध्ये आपली पद्धत छापून प्रसिद्ध करणाऱ्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टमुळे, पंख नसलेल्या हॅकलवाल्या फ्लायला ते नाव रूढ झालं. यॉर्कशायरच्या वार्फ, निड, यूर या नद्यांवरच्या फ्लायना नॉर्थ कंट्री म्हणतात. त्यांच्या नावांची रीत ठरलेली आहे: आधी पक्षी, मग रेशमाचा रंग. पार्ट्रिज अँड ऑरेंज, स्नाइप अँड पर्पल. नावातच पाककृती! काही नावांत पक्ष्याबरोबर ‘ब्लोआ’ हा शब्द येतो. तो तिथल्या बोलीतला, अर्थ पावसाळी ढगासारखा निळसर, शिशासारखा रंग. वॉटरहेन ब्लोआ म्हटलं की पाणकोंबडीच्या पंखाच्या आतल्या बाजूचं धुरकट पीस हवं हे कळतं.

आम्हाला रंगापेक्षा बांधणीवर आधारलेलं वर्गीकरण जास्त उपयोगाचं वाटतं. पहिला प्रश्न अंगाचा. नुसतं रेशीम असेल तर तो शुद्ध स्पायडर, पीस एक ते दीड वळसा, बस. रेशमावर प्राण्याच्या लवेचा विरळ, धुरासारखा थर असेल तर ब्लोआ आणि मार्च ब्राऊनसारख्या फ्लाय. तिथे अंग किंचित जाड होतं, म्हणून पिसाला दोन वळसे चालतात. दुसरा प्रश्न हॅकलच्या लगेच मागे लवेचा किंवा मोरपिसाच्या तंतूंचा फुगीर भाग, म्हणजे थोरॅक्स, आहे का? असेल तर तो वेगळा वर्ग, कारण तिथे थोरॅक्स पिसाच्या तंतूंना मागून टेका देतो आणि वेगवान पाण्यातही ते अंगाला चिकटून बसत नाहीत. तिसरा प्रश्न पीस कुठवर फिरवलं आहे? फक्त नेढ्याशी, की अंगाच्या पुढच्या निम्म्या भागावर? स्टुअर्टचा ब्लॅक स्पायडर दुसऱ्या प्रकारचा. तपकिरी रेशमाचं अंग आणि स्टार्लिंग या पक्ष्याचं काळं चमकदार पीस पुढच्या अर्ध्या भागावर विरळ फिरवलेलं. फ्लिम्फमध्येही पीस थोरॅक्सवर मागे-पुढे फिरतं, पण तिथे अंग दोन रेशमी धाग्यांमध्ये पिळलेल्या लवेचं, खरखरीत असतं. ‘फ्लाय’ आणि ‘निंफ’ हे दोन शब्द जोडून हे नाव अमेरिकेत पीट हायडी यांनी रूढ केलं. आणि जपानच्या तेंकारा या बिनरिळाच्या मासेमारी पद्धतीतल्या साकासा केबारीत हॅकल चक्क पुढे, नेढ्याच्या दिशेने झुकवलेलं असतं. तिला याच कुटुंबातली दूरची बहीण म्हणायला हरकत नाही.

पार्ट्रिजची कातडी यांपैकी शुद्ध स्पायडर, लवेच्या अंगाच्या फ्लाय आणि थोरॅक्सच्या फ्लाय या तिन्हींना उत्तम पुरते. फ्लिम्फला मात्र कोंबडीचं मऊ हॅकल जास्त बरं. पार्ट्रिजचा कणा मागे-पुढे दोनदा फिरवण्याइतका लांब आणि चिवट नसतो, मध्येच तुटतो. स्टुअर्टच्या ब्लॅक स्पायडरलाही स्टार्लिंगच हवं. विक्रेता एकाच पिसावर सगळे वर्ग बांधता येतील असं म्हणत असेल तर ते खरं नाही.

पिसाची परीक्षा बांधतानाच होते, म्हणून १४ नंबरची पार्ट्रिज अँड ऑरेंज घेऊन कातडीची पिसं कशी वागतात ते सविस्तर सांगतो. बांधणीची जी रीत इथे दिली आहे ती उत्तर इंग्लंडमधली जुनी रीत. हॅकल आधी बांधायचं आणि शेवटी रेशीम त्याच्यातून पुढे न्यायचं.

नारिंगी रेशमाचा साधारण २० सेंटिमीटर भाग मधमाशीच्या मेणातून दोन-तीनदा ओढून घ्या. मेण कमी पडलं तर रेशीम दांड्यावर घसरतं, जास्त झालं तर रंग मंदावतो. बोटांना किंचित चिकट लागलं की पुरे. पिवळ्या रेशमावर चांभाराचं काळं मेण वापरलं तर ते मुद्दाम ऑलिव्ह छटेवर जातं. ग्रीनवेल्स ग्लोरी या फ्लायचा रंग तसाच येतो, पण नारिंगीला ते लावू नये.

गळाचं नेढं सोडून साधारण एका नेढ्याएवढी जागा रिकामी ठेवा आणि तिथून रेशीम चालू करा. कातडीवरून खांद्याचं एक पीस काढा. कण्याच्या खालची भुरभुरीत लव पूर्ण सोलून टाका. राहिली तर ती पाणी शोषते आणि डोक्याशी गोळा होतो. वरच्या टोकाचे काही तंतू चिमटीत धरून बाकीचे कण्याशी काटकोनात मागे सारा. आता कण्याची खालची बाजू दांड्यावर बांधा, टोक नेढ्याच्या पुढे. निस्तेज, आत वळलेली बाजू वर राहू द्या. पीस उभं करून फिरवलं की ही निस्तेज बाजू बाकाकडे येते आणि तंतू छत्रीसारखे मागे झुकतात. बाजू चुकली तर छत्री उलटी होते, आणि ती नंतर बोटांनी कितीही मागे ओढली तरी पाण्यात पुन्हा उलटी फिरते.

मग रेशीम चिकटून चिकटून वळसे घेत मागे न्या. पारंपरिक अंग आखूड असतं. गळाच्या टोकासमोर, फार तर टोक आणि काट्याच्या मधोमध थांबा. बाकावर उतरू नका. तिथून परत चिकट वळशांनी पुढे या, हॅकलच्या अलीकडे थोडं अंतर ठेवून रेशीम लटकू द्या. आता पीस हॅकल प्लायरने, म्हणजे पीस पकडायच्या छोट्या चिमट्याने, धरून रेशमाच्या दिशेने, म्हणजे मागे, एक ते दीड वळसा फिरवा. रेशमाने टोक पकडा आणि जादा पीस कापून टाका. यानंतर या रीतीचं खरं कौतुक आहे. रेशीम तंतूंमधून नागमोडी हलवत दोन-तीन वळशांत पुढे न्या, एकही तंतू खाली दाबला जाऊ न देता. त्याने कणा रेशमाखाली जागोजागी बांधला जातो. ट्राउट माशाच्या दातांनी कणा एका ठिकाणी कापला गेला तरी हॅकल उलगडत नाही. नेढ्यामागे तीन-चार वळशांची व्हिप फिनिश, म्हणजे शेवटची गाठ, आणि झालं.

शेवटी तंतू मोजा. डझनभर पुरे, थोडे कमी असले तरी उत्तम. तीन वळसे घेऊन भरगच्च हॅकल केलं की फ्लाय व्हाइसमध्ये देखणी दिसते, पण पाण्यात त्याचा गुच्छ होतो. सॉफ्ट हॅकलचं सगळं काम तंतू सुटे हलण्यावर आहे. त्यांच्यात मोकळी जागा नसेल तर हलायला वावच उरत नाही. वळसा कमी करणं जमत नसेल तर पिसाची एक बाजू सोलून टाका. कुठली? पीस बांधण्याच्या स्थितीत गळाशेजारी धरा, वळसा घेताना जी बाजू दांड्याकडे येईल ती. मग दोन वळसे घेतले तरी तंतू आटोक्यात राहतात.

नव्याने शिकणाऱ्यांना दुसरी रीत सोपी जाते: अंग पूर्ण झाल्यावर पीस टोकाकडून बांधायचं आणि जाड कण्याकडून फिरवायचं. टोकाशी कणा बारीक असल्याने डोकं छोटं आणि नीटस होतं. मात्र या रीतीत पीस तुटण्याचा धोका जास्त, कारण ओढ थेट बारीक टोकावर येते. कातडीची पिसं इथे पिशवीतल्या पिसांपेक्षा स्पष्टपणे चांगली ठरतात. ती दाबून भरलेली नसतात, कणा वाकडा होत नाही. तरीही तुटत असेल तर फिरवण्याआधी पीस ओल्या बोटांत धरा किंवा काही क्षण वाफेवर धरा. हॅकल प्लायरची पकड फार कडक असेल तर तिच्या जबड्याला रबराची पातळ नळी चढवा. तुटण्याचं निम्मं कारण पीस नसतं, प्लायरची धार असते.

फ्लाय झाली की तिला लगेच डबीत ठेवू नका. पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यात बुडवा आणि खिडकीजवळ धरून पाहा. कोरड्या नारिंगी रेशमाचा चमकदार रंग पाण्यात बदलतो. रेशीम ओलं झालं की अर्धपारदर्शक होतं, खालच्या तपकिरी गळाची छाया वर येते, आणि अंग लालसर महोगनी दिसू लागतं. तंतूंवरचे ठिपके मात्र तसेच स्पष्ट राहतात. पेला हळूच हलवला की ते एकेक सुटे होऊन उघडतात आणि मिटतात. हे बघितल्याशिवाय पार्ट्रिजच्या पिसाचं महत्त्व पटत नाही. कृत्रिम धाग्यावर हा बदल दिसत नाही, त्याचा रंग ओला झाला तरी जवळपास तोच राहतो. पिअरसॉल्स या कंपनीचं गॉसॅमर रेशीम या फ्लायचं प्रमाण मानलं जात होतं, पण त्याचं उत्पादन बंद झालं आहे. हल्ली बारीक शुद्ध रेशमाची इतर रिळं वापरावी लागतात. रीळ विकत घेताना धाग्याचा तुकडा पाण्यात बुडवून गडद झालेला रंग पाहा, कोरड्या रंगावर जाऊ नका.

रेशमी अंग टिकत नाही ही तक्रार खरी आहे. ट्राउटचे दात रेशमाला फार लवकर फाडतात. अंगावर अतिशय बारीक सोनेरी तारेचे चार-पाच विरळ वळसे घेतले तर आयुष्य बरंच वाढतं. हा नवा बदल आहे, जुन्या पाककृतीत तार नाही. आमच्या मते तो ठेवावा.

लवेच्या अंगाच्या फ्लायमध्ये कातडीचा दोष नसतो, हाताचा असतो. मोल या बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्याची लव मेण लावलेल्या रेशमावर चढवताना इतकी कमी घ्या की बोटांमध्ये चोळून झाल्यावर रेशमाचा रंग तिच्यातून दिसत राहील. अशी चढवलेली लव, म्हणजे डबिंग, दोरीसारखी जाड झाली तर ती फ्लाय दुसऱ्याच वर्गात गेली. वॉटरहेन ब्लोआत पिवळं रेशीम धुक्याआडून दिसावं तसं दिसलं पाहिजे.

आता कातडी विकत घेताना काय पाहायचं. इंग्लंडमध्ये पार्ट्रिजच्या शिकारीचा हंगाम १ सप्टेंबर ते १ फेब्रुवारी. हंगामाच्या सुरुवातीच्या पक्ष्यांच्या अंगावर नवी, अर्धवट वाढलेली पिसं असतात. त्यांचे कणे खालच्या बाजूला अजून आवरणात गुंडाळलेले, काळसर आणि फुगीर. अशी पिसं वळसा घेताना पिचतात. डिसेंबर-जानेवारीच्या पक्ष्याची कातडी पूर्ण वाढलेली असते. विक्रेता महिना सांगत नसेल तर मानेची पिसं बोटाने उलटी फिरवून तळ पाहा. आवरणं दिसली तर परत ठेवा. दुसरी तपासणी आतल्या बाजूची. चामडं स्वच्छ, फिकट आणि कोरडं हवं. पिवळी, चिकट चरबी राहिली असेल तर काही महिन्यांत ती पिसांच्या तळापर्यंत झिरपते. तेलकट तंतू पाण्यात एकमेकांना चिकटतात, आणि तो तेलकटपणा धुऊनही पूर्ण जात नाही. तिसरी तपासणी किड्यांची: पिसांवर बारीक खाच, कातडीवर छोटी भोकं किंवा पिशवीच्या तळाला बारीक भुसा. यांतलं एक जरी दिसलं तरी ती कातडी घरी नेऊ नये, कारण ती डबीतल्या बाकीच्या सगळ्या पिसांना कीड लावते.

नवी कातडी कितीही चांगली दिसली तरी ती पहिल्या दिवशी इतर सामानात मिसळू नका. हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, बाहेर काढून एक-दोन दिवस खोलीच्या तापमानाला राहू द्या, आणि पुन्हा आठवडाभर फ्रीजरमध्ये. पहिल्या गोठवणीत जी अंडी तगतात ती मधल्या उबेत फुटतात आणि दुसऱ्या वेळी मरतात. अस्वच्छ कातडी कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने हलके हलवून धुवा, स्वच्छ पाण्यात दोनदा खळखळवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि पिसांच्या दिशेने फुंकत वाळवा. उष्ण हवेने वाळवू नका, चामडं आकसतं आणि पिसं वाकडी होतात. वाळल्यावर आतल्या बाजूला बोरॅक्सची हलकी पूड लावून ठेवावी.

मर्यादांचं म्हणाल तर पहिली आकाराची. एका कातडीत १४ आणि १६ नंबरला योग्य पिसं मोजकीच असतात, आणि ती सर्वांत आधी संपतात. १८ नंबरची फ्लाय पार्ट्रिजवर बांधायचा हट्ट धरू नये. त्यासाठी पाणलाव्याच्या पंखाच्या पुढच्या कडेची गडद बारीक पिसं आहेत, जी स्नाइप अँड पर्पलला लागतात, किंवा स्टार्लिंगची. दुसरी मर्यादा रंगाची. पार्ट्रिजमध्ये एकसंध धुरकट राखाडी नाही आणि काळाही नाही. म्हणून दुसरी खरेदी स्टार्लिंगची कातडी असावी आणि तिसरी पाणकोंबडीच्या पंखांची जोडी. या तिघांवर उत्तर इंग्लंडच्या बहुतेक जुन्या फ्लाय बांधता येतात. जुन्या पाककृतींत डॉटरेलचंही नाव वारंवार येतं. तो पक्षी ब्रिटनमध्ये आता संरक्षित आहे, त्याची पिसं मागू नयेत. स्टार्लिंगच्या पंखाची फिकट कडेची आच्छादक पिसं त्याच्या जागी चालतात. वन्य पक्ष्यांची पिसं एका देशातून दुसऱ्या देशात मागवताना परवान्याचे नियम असतात, ते विक्रेत्याकडून आधीच लेखी विचारून घ्यावेत.

डबी लावतानाही कातडीचा नकाशा कामाला येतो. आडव्या ओळी अंगानुसार: रेशमी, लवेच्या, थोरॅक्सच्या. उभे स्तंभ हॅकलच्या छटेनुसार: तपकिरी, राखी, काळं. गळाचे नंबर त्या त्या खणात लहानापासून मोठ्याकडे. पाण्यावर फ्लाय बदलताना कुठली गोष्ट बदलत आहोत, अंग की हॅकल की आकार, हे लगेच कळतं. नावांच्या अक्षरक्रमाने लावलेल्या डबीत ते कळत नाही.

कातडीवर शेवटी मोठी पिसं उरतातच, आणि ती फेकायची नसतात. अंग संपवून रेशीम नेढ्यामागे थांबवा. मोठ्या पिसाचे डझनभर तंतू टोकं जुळवून कापून घ्या आणि टोकं नेढ्याच्या पुढे येतील असे दांड्यावर धरा. पुढे येणाऱ्या भागाची लांबी आधीच गळाएवढी मोजलेली हवी. रेशमाचे दोन सैल वळसे घ्या आणि तिसऱ्याला घट्ट करताना तंतू बोटाने हलकेच पसरू द्या, म्हणजे ते दांड्याभोवती गोल फिरतील. मागची जाड टोकं छाटून रेशमाने झाका. मग पुढचे तंतू नखाने मागे सारा आणि रेशीम त्यांच्यापुढे आणून नेढ्याशी तीन वळशांची भिंत करा. भिंत जितकी त्यांना चिकटून, तितके तंतू मागे झुकतात. कणा नसल्याने हे हॅकल वळशाचं असतं त्यापेक्षा विरळ आणि सपाट दिसतं, पण १६ नंबरच्या गळावर पार्ट्रिजची ती ठिपकेदार नक्षी कुशीच्या सर्वांत मोठ्या पिसातूनही आणता येते.